पवनारची रजा

१९३८ साली विनोबा भावे यांचं वजन ८८ पौंडांवर आलं होतं, म्हणजे जेमतेम चाळीस किलो. वय होतं बेचाळीस. वर्ध्याचा आश्रम सांभाळायला ते १९२१मध्ये इथे आले, त्याला सतरा वर्षं होत आली होती. आश्रम, खादी, आसपासची खेडी, कार्यकर्त्यांना शिकवणं हे सगळं चालू असतानाच वर्ध्याजवळच्या नालवाडीत त्यांनी स्वतः कातलेल्या सुताच्या मजुरीवरच पोट भरायचा प्रयोग आरंभला होता. दिवसातले कित्येक तास चरखा चालायचा, आणि त्या काळचा कताईचा दर असा की त्यात धड जेवण होत नसे. शरीर खचत गेलं. बातमी जवळच्याच सेगावात राहणाऱ्या गांधीजींच्या कानावर गेली. त्यांनी विनोबांना बोलावून सांगितलं की माझ्याजवळ येऊन राहा, मी तुमची शुश्रूषा करतो. विनोबांनी नकार दिला. तुमच्यामागे पन्नास कामं, रोग्यांची सेवा हे त्यातलं एक, आणि त्या रोग्यांतला मी एक. मग माझ्या वाट्याला कितीसं येणार, असा त्यांचा हिशेब होता. डॉक्टरकडे जायलाही ते तयार नव्हते. निदान हवापालटासाठी कुठे थंड ठिकाणी तरी जा, असं गांधीजी म्हणाले. विनोबांनी पवनार निवडलं.

पवनार वर्ध्यापासून आठ-दहा किलोमीटरवर आहे. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा पवनारातही तेवढंच ऊन असतं. धाम नदीचा काठ, टेकाडावरचा जमनालाल बजाजांचा बंगला आणि संध्याकाळी थोडा वारा, एवढाच काय तो फरक. गांधीजींनी होकार दिला, पण एक अट घातली. आश्रमाची, कामांची, माणसांची कसलीही काळजी सोबत न्यायची नाही. विनोबांनी ती मानली. त्यांची गाडी धामच्या पुलावरून जात होती तेव्हा, आपण हे सगळं सोडलं, असं त्यांनी स्वतःशी तीन वेळा म्हटलं. पुढचे महिने त्यांनी बंगल्याभोवतीची जमीन खणण्यात घालवले. आधी थोडाच वेळ, मग अंगात बळ येईल तसतसा जास्त. मध्ये विश्रांती, वेळच्या वेळी खाणं आणि डोक्यात कसलंही नियोजन नाही. त्या खणण्यात जुनी शिल्पं सापडली. राम-भरत भेटीचं शिल्प त्यातलंच, आजही पवनारच्या आश्रमात पाहायला मिळतं. दहा महिन्यांत वजन १२८ पौंडांवर गेलं.

कामाचा ताण आणि त्यातून येणारं कोसळणं या विषयावर मला ठाऊक असलेली ही सर्वांत बोलकी हकीकत आहे. कारण तिच्यात हवा बदललेली नाही, औषध नाही, आणि माणूसही तोच आहे. विश्रांती आणि वेळेवरचं खाणं सोडलं तर बदललं ते एवढंच, की काळजीचा भार त्याच्या डोक्यावरून खरोखर उतरला. तो उतरवून घ्यायला वर्ध्याला आणि नालवाडीला त्यांनीच घडवलेले सहकारी होते, म्हणून तो उतरू शकला. हे ‘म्हणून’ आपण नेहमी विसरतो. ताणावर लिहिणारे श्वासाचे व्यायाम सांगतात, पहाटे उठायला सांगतात, सकारात्मक विचार करायला सांगतात. पण तुम्ही रजेवर गेल्यावर तुमचं काम कोण पाहणार, हा प्रश्न कुणी विचारत नाही. माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

आधी त्या काळच्या वर्ध्याकडे कामाचं ठिकाण म्हणून पाहू. आपण त्याच्याकडे तीर्थ म्हणून पाहतो, त्यामुळे तिथल्या माणसांचे कामाचे तास आपल्याला दिसतच नाहीत. १९३४च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी त्याची धुरा घेतली. १९३६मध्ये राष्ट्रभाषा प्रचार समिती आली. ऑक्टोबर १९३७मध्ये शिक्षण परिषद भरली आणि नई तालीम या शिक्षणपद्धतीचा घाट घातला गेला. काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठका वर्ध्यात होऊ लागल्या. देशभरातून माणसं येत, टपालाच्या थैल्या येत. सेगाव आणि शेगाव या नावांत टपालाचा घोटाळा होतो म्हणून १९४०मध्ये गावाचं नावच सेवाग्राम करावं लागलं. पुढे व्हाइसरॉय लिनलिथगोंनी आश्रमात टेलिफोनही बसवून दिला. ती टेलिफोनची खोली आजही पाहता येते. दिल्लीहून कधीही घंटी वाजू शकते अशा जागी ही माणसं राहत होती. सुटीचा दिवस ठरलेला नव्हता, पगाराचा प्रश्न नव्हता, आणि ‘आता बास’ असं म्हणण्याची रीत नव्हती.

या सगळ्याची पहिली किंमत खुद्द गांधीजींनी मोजली. डिसेंबर १९३५मध्ये वर्ध्यातच त्यांची प्रकृती ढासळली. रक्तदाब फार वाढला होता. डॉक्टरांनी लिहिणं, बोलणं, भेटीगाठी सगळं बंद केलं आणि साधारण दोन महिने त्यांना सक्तीने स्वस्थ ठेवलं. तो रक्तदाब पुढेही पूर्ण आटोक्यात आला नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१९मध्ये त्यांच्या आरोग्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, त्यात २६ ऑक्टोबर १९३७चा आकडा १९४/१३० आणि १९ फेब्रुवारी १९४०चा २२०/११० असा आहे. आजचा कुठलाही डॉक्टर हे आकडे पाहून गंभीर होईल.

बरं झाल्यावर, १९३६च्या सुरुवातीला, गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये या आजाराबद्दल लिहिलं. त्यांचा सूर स्वतःला दोष देण्याचा होता. ज्याचं मन खऱ्या अर्थाने अनासक्त आहे तो कामाने असा मोडून पडत नाही; मी मोडलो, म्हणजे माझ्या अनासक्तीत उणीव राहिली, असा त्याचा आशय. गांधीजींबद्दल पूर्ण आदर ठेवून मला इथे असहमत व्हावंसं वाटतं. अनासक्ती हे थोर ध्येय आहे, पण १९४/१३० हा आकडा आध्यात्मिक परीक्षेचा निकाल नव्हे. हीच चूक आज रुग्णालयातली परिचारिका करते, बँकेतला कारकून करतो, मुख्याध्यापक करतो. ‘मीच कमी पडलो’ म्हणत माणूस आणखी जोर लावतो, आणि ज्या जोराने तो थकला त्याच जोरात अजून भर घालतो.

योगायोग असा की गांधीजी ३० एप्रिल १९३६ला सेगावात राहायला गेले आणि त्याच वर्षी ४ जुलैला कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात काम करणाऱ्या हान्स सेल्ये या तरुण संशोधकाचं एक छोटंसं टिपण ‘नेचर’ नियतकालिकात छापून आलं. सेल्येंनी उंदरांना थंडीत ठेवलं, अति श्रम करायला लावले, निरनिराळी द्रव्यं टोचली. त्रास कोणताही असो, शरीरात घडणारे बदल तेच होते. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी फुगल्या, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसली, जठरात व्रण पडले. यावरून त्यांनी तीन टप्पे मांडले. आधी धोक्याची घंटा, मग तग धरणं, आणि त्रास संपलाच नाही तर अखेर शक्ती संपणं. तणावाचं आधुनिक विज्ञान या टिपणापासून सुरू झालं असं मानतात.

मधला टप्पा फसवा असतो. संकट आलं की ॲड्रेनालीन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरकं रक्तात वाढतात, हृदय जोरात धडधडतं, साखर रक्तात येते, लक्ष एकवटतं. शेवटच्या तारखेआधी काम झपाट्याने होतं ते यामुळेच, आणि तेवढ्यापुरतं ते चांगलंही असतं. कॉर्टिसोल सकाळी वाढतं आणि रात्री उतरतं, ही त्याची नेहमीची लय. पण रात्री अकराला साहेबांचा व्हॉट्सॲप संदेश येतो, बाराला उद्याच्या तपासणीचा विचार येतो, आणि शरीराला दिवस संपला हे कळतच नाही. झोप उथळ होते, रक्तदाब वर राहतो, सर्दी-खोकला पाठ सोडत नाही. तरी माणूस काम रेटत असतो आणि सगळे त्याचं कौतुक करत असतात. आमच्या भागातला शेतकरी भर उन्हात बैलजोडी दिवसभर जुंपून ठेवत नाही. दुपारी जू उतरवतो, पाणी दाखवतो, सावलीत बांधतो, कारण बैल कोसळला तर पेरणी कोण करणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तेवढा हिशेब आपण माणसांच्या बाबतीत करत नाही.

नोकरीतल्या या कोसळण्याला आधुनिक नाव मिळालं ते एका सेवाभावी ठिकाणी. न्यूयॉर्कमध्ये गरिबांसाठी चालणारा एक मोफत दवाखाना होता. हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर हे मानसतज्ज्ञ दिवसा स्वतःचा व्यवसाय करत आणि संध्याकाळी तिथे फुकट राबत. त्यांनी पाहिलं की ध्येयाने पेटून आलेले स्वयंसेवक काही महिन्यांत विझून जातात; चिडतात, रुग्णांविषयी कडवट बोलतात, काम केल्यासारखं करतात पण हातून काही होत नाही. ते स्वतःही त्याच वाटेने गेले. १९७४मध्ये त्यांनी यावर निबंध लिहिला आणि ‘बर्नआउट’ हा शब्द रूढ झाला. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी तो मोजण्याची प्रश्नावली तयार केली. २०१९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या नव्या वर्गीकरणात त्याची नोंद घेतली, पण रोग म्हणून नाही. कामाच्या ठिकाणी सतत राहिलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. त्याच्या खुणा तीन. अंगातलं त्राण जाणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं.

यातली दुसरी खूण इतरांच्या चटकन नजरेत भरते आणि सर्वांत जास्त गैरसमज तिच्याबद्दलच होतो. पूर्वी रुग्णाच्या नातेवाइकांशी गोड बोलणारी सिस्टर आता खेकसते. विद्यार्थ्यांसाठी जीव टाकणारे सर वर्गात नुसते बसून राहतात. आपण म्हणतो, माणूस बदलला, माजला. बहुतेक वेळा तो माजलेला नसतो, रिता झालेला असतो. ज्यांना कामाशी काही देणंघेणंच नव्हतं त्यांच्यावर ही वेळ सहसा येत नाही. ती येते जीव लावणाऱ्यांवर.

महादेवभाई देसाईंइतका जीव लावणारा माणूस वर्ध्याने क्वचितच पाहिला असेल. १९१७मध्ये ते गांधीजींकडे आले आणि शेवटपर्यंत त्यांचे सचिव राहिले. पत्रं लिहिणं, मुलाखतींची टिपणं, भाषणांचे अनुवाद, ‘हरिजन’चे लेख, आलेल्या-गेलेल्यांची व्यवस्था आणि या सगळ्यावर रोजची डायरी. मधल्या वेळात त्यांनी जवाहरलाल नेहरूंचं आत्मचरित्र गुजरातीत आणलं. गांधीजी सेगावला गेले तेव्हा महादेवभाईंचं बिऱ्हाड मगनवाडीत, वर्धा शहरात होतं. तिथून सेगाव पाच-साडेपाच मैल. ते रोज चालत जात आणि चालत येत. म्हणजे दिवसाला अकरा मैलांची पायपीट, वर्ध्याच्या उन्हात, आणि दोन्ही टोकांना कामाचा ढीग. १९३८मध्ये त्यांची प्रकृती ढासळली. रक्तदाब होताच. विश्रांतीसाठी त्यांना सिमल्याला पाठवावं लागलं.

विनोबा पवनारला गेले त्याच वर्षीची ही गोष्ट. दोघांनाही विश्रांती मिळाली, पण दोघांच्या विश्रांतीत फरक होता. विनोबांनी कामच दुसऱ्यांच्या हवाली केलं आणि परतण्याची तारीख ठरवली नाही. महादेवभाईंची जागा मात्र त्यांची वाट पाहत होती. प्यारेलाल होते, राजकुमारी अमृत कौर होत्या, मदतीचे हात नव्हते असं नाही. पण गांधीजींच्या मनातलं वाक्य ओळखून लिहिणारा माणूस एकच आहे, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. बहुधा त्यांनी स्वतःही. ते परत आले आणि पुन्हा जुंपले गेले. ९ ऑगस्ट १९४२च्या पहाटे मुंबईत अटक झाली, पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये नेण्यात आलं, आणि १५ ऑगस्टला सकाळी हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. वय पन्नास. त्यांच्या शेवटच्या क्षणी जवळ असलेल्या डॉक्टर सुशीला नय्यर यांनीच पुढे १९६९मध्ये सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली.

एका माणसाच्या मृत्यूचं कारण कामाच्या तासांत शोधणं बरोबर नाही. हृदयविकाराला अनेक वाटा असतात. लाखो माणसांचा एकत्र विचार केला की मात्र चित्र स्पष्ट दिसतं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करण्याशी जोडलेल्या पक्षाघात आणि हृदयविकाराने २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसं दगावली. ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त निघाला.

तास कमी केले की झालं, असंही नाही. १९७९मध्ये रॉबर्ट कारासेक यांनी दाखवून दिलं की नुसत्या कामाच्या ओझ्यापेक्षा ‘ओझं भारी आणि अधिकार काहीच नाही’ ही जोडी जास्त घातक असते. कोणतं काम आधी करायचं, कसं करायचं, कधी थांबायचं हे ज्याच्या हातात आहे तो पुष्कळ काम झेपवतो. ज्याला प्रत्येक गोष्टीसाठी वर बघावं लागतं आणि चुकलं की शिव्या मात्र त्यालाच खाव्या लागतात, तो थोड्या कामानेही मोडतो. मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी यात आणखी काही गोष्टी जोडल्या. केलेल्याची दखल, सहकाऱ्यांची साथ, न्यायाने वागणूक, आणि आपल्या मनाला पटणारं काम करायला मिळणं. यातली एकही गोष्ट पहाटेच्या प्राणायामाने मिळत नाही. प्राणायाम जरूर करावा, मीही सांगेन; पण तो अन्यायी ड्यूटीच्या तक्त्याला पर्याय नाही.

पवनारच्या खणण्याकडे या नजरेतून पाहण्यासारखं आहे. जर्मन संशोधक झाबिने झोनेनटाग आणि शार्लोटे फ्रिट्झ यांनी २००७मध्ये, कामाचा शीण नेमका कशाने भरून निघतो, याच्या चार बाजू सांगितल्या. कामातून मन सुटणं, शरीर सैल पडणं, काहीतरी नवं जमू लागणं, आणि आपल्या वेळेवर आपला ताबा असणं. विनोबांच्या दिनक्रमात या चारही होत्या. म्हणूनच रजा घेऊन दिवसभर मोबाइल चाळत पडलेला माणूस सोमवारी तितकाच शिणलेला असतो, आणि परसातली चार वाफे भाजी करणारा, भजनी मंडळात पखवाज शिकणारा किंवा रोज संध्याकाळी मैदानावर जाणारा ताजा होऊन येतो. डोक्याचं काम करणाऱ्याने हाताचं काहीतरी करावं. मातीत, पिठात, लाकडात, पाण्यात, कुठेही. फक्त त्याची स्पर्धा होऊ देऊ नये.

जमनालाल बजाजांची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण ती या सल्ल्याची मर्यादा दाखवते. व्यापार, काँग्रेसची खजिनदारी, सत्याग्रह, तुरुंग यांतून ते १९४१मध्ये मनाने आणि शरीराने दमून बाहेर आले. त्यांना शांती हवी होती. त्यांनी राजकारणातून अंग काढून गोसेवा पत्करली, वर्ध्याजवळ गोपुरीत झोपडीत राहायला गेले. काम मनाला पटणारं होतं, जागा आवडीची होती. पण त्यातही ते त्याच झपाट्याने शिरले. गोसेवा संघ स्थापन केला, परिषद भरवली. ११ फेब्रुवारी १९४२ला मेंदूतल्या रक्तस्रावाने ते गेले, वयाच्या ५२व्या वर्षी. मला यातून असं दिसतं की त्यांनी कामाचा विषय बदलला, चाल बदलली नाही. नोकरी बदलून ताण जाईल असं मानणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. नवीन कार्यालयात आपण जुनी सवय घेऊनच जातो.

आजच्या वर्धा जिल्ह्यात ‘सेवा’ हा शब्द कुणाच्या वाट्याला आला आहे हे पाहायचं तर आर्वी, कारंजा, समुद्रपूरकडच्या गावात सकाळी आशाताईंबरोबर फिरावं. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा. गरोदर बाईची नोंद, बाळाच्या भेटी, लसीकरण, क्षयरोग्याच्या गोळ्या, सर्वेक्षणं, आणि आता मोबाइलवर माहिती भरणं. सरकारी कागदावर ती स्वयंसेविका, त्यामुळे तिला पगार नाही, मोबदला. आणि मोबदला बराचसा कामागणिक, त्यामुळे रजा म्हणजे तोटा. बाळंतपणाची वेळ रात्री दोनची असली तरी हाक तिलाच. महाराष्ट्रातल्या आशांनी २०२१मध्ये आणि २०२३मध्ये संप केला तेव्हा बातम्या पैशांच्या आल्या, आणि पैशांची मागणी रास्तच होती. पण त्यांच्याशी बोलताना आणखी एक गोष्ट वारंवार ऐकू येते. ‘मी गावाला गेली तं माहं काम कोन करन?’ मला हा प्रश्न मानधनाइतकाच गंभीर वाटतो. शेजारच्या दोन गावांच्या आशांनी महिन्यातले ठरावीक दिवस एकमेकींचं गाव सांभाळायचं आणि त्याची लेखी नोंद आरोग्य केंद्रात ठेवायची, एवढी सोय करायला अब्जावधी रुपये लागत नाहीत.

निवासी डॉक्टरांचं तेच. केंद्र सरकारच्या १९९२च्या निवासी योजनेत आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. प्रत्यक्षात देशभरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत सलग चोवीस तासांहून मोठ्या ड्यूट्या लागतात हे कुणापासून लपलेलं नाही. २०२४मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा सुचवली. ४८वरून ७४वर येणं हीच सुधारणा वाटावी, इतकी परिस्थिती ताणलेली आहे. सेवाग्रामच्या संस्थेत नव्या विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच आश्रमात राहायला नेतात. प्रार्थना, श्रमदान, सूतकताई यांची ओळख होते. ही परंपरा मला मनापासून आवडते. तिच्यात पवनारची गोष्टही सांगितली जावी असं वाटतं. झटण्याचे धडे या मुलांना पुष्कळ मिळतात. काम दुसऱ्याच्या हवाली करून झोपायला जाणं हाही डॉक्टरकीचाच भाग आहे, हे कुणी सांगत नाही.

जे हाताखाली माणसं बाळगतात त्यांच्यासाठी या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा मजकूर हाच आहे. तुमच्या शाखेत, शाळेत, तहसील कार्यालयात असं कोणतं काम आहे जे एकाच माणसाला येतं, त्याची यादी करा. त्या प्रत्येक कामाला दुसरा माणूस तयार करा. तो आधी निम्म्या वेगाने करील, चुका करील, करू द्या. मग पहिल्याला सलग आठ दिवस रजेवर पाठवा आणि त्याला फोन करू नका. एकही फोन नाही. आठ दिवसांत काय अडलं ते लिहून ठेवा, म्हणजे काय शिकवायचं राहिलं ते कळेल. ‘त्याच्याशिवाय पान हलत नाही’ हे कौतुकाने बोललं जातं, पण वरिष्ठाने ते ऐकलं की काळजी करावी. आणि गांधीजींनी विनोबांना घातली तशी अट तोंडाने स्पष्ट घाला, कारण जीव लावणारी माणसं रजेतही काम चोरून नेतात.

ज्यांच्या हातात हे काहीच नाही, त्यांनी काय करावं? गांधीजींच्या दिनक्रमातल्या दोन गोष्टी कुणालाही उचलता येतील अशा आहेत. रोजचं ठरलेल्या वेळचं फिरणं, आणि सोमवारचं मौन. त्या दिवशी ते लिहीत, वाचत, गरज पडली तर चिठ्ठी लिहून देत, पण बोलत नसत. पूर्ण दिवस आपल्याला जमणार नाही. संध्याकाळी आठनंतर कामाच्या गटावरची घंटी बंद ठेवणं जमू शकतं. ते गुपचूप करू नये. ‘आठनंतर तातडीचं असेल तर फोन करा, बाकी सकाळी बघतो’ असं एकदा सरळ कळवावं. शंभरातल्या नव्याण्णव गोष्टी तातडीच्या नसतात हे दोन आठवड्यांत सगळ्यांनाच कळतं. नवं काम अंगावर आलं तर ‘जमणार नाही’ म्हणणं जड जातं. त्याऐवजी ‘हे करतो, मग आधीच्या दोघांतलं कोणतं मागे ठेवू?’ असं विचारावं. निर्णय वरच्याला घ्यावा लागतो आणि ओझं किती आहे हे त्याला दिसतं.

आणि रक्तदाब तपासून घ्यावा. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी. वर्ध्यातच बालपण गेलेले आणि सेवाग्रामच्या नई तालीम शाळेत शिकलेले डॉक्टर अभय बंग गडचिरोलीत आदिवासींच्या आरोग्यासाठी झटत असताना १९९५मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वय चव्वेचाळीस. स्वतः डॉक्टर, निर्व्यसनी, ध्येयाला वाहिलेले. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात त्यांनी आपली घाई, ताण, खाणं, व्यायामाचा अभाव हे सगळं कठोरपणे तपासलं आहे. सेवा करणाऱ्याचं हृदय वेगळं घडवलेलं नसतं, हे मराठी वाचकाला त्यांच्याइतकं स्पष्ट कुणी सांगितलेलं नाही.

शेतकऱ्याच्या ताणाबद्दल मी या प्रकरणात मुद्दाम लिहिलेलं नाही. कर्ज, पाऊस आणि कापसाचा भाव यांचा ताण कामाच्या तक्त्याने सुटत नाही. त्याला स्वतंत्र प्रकरण लागेल.

एक भेद मात्र इथेच सांगायला हवा. कामाने आलेला शीण कामापासून दूर गेल्यावर हळूहळू उतरतो. पंधरा दिवस सुटी होऊनही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, आवडीच्या माणसांत बसूनही सगळं रिकामं वाटत असेल, जगून काय करायचं असे विचार येत असतील, तर तो नुसता शीण नाही. ते नैराश्य असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत. अशा वेळी पवनारची वाट धरू नये, डॉक्टर गाठावा. विनोबांनी डॉक्टरला दिलेला नकार इथे गिरवण्यासारखा नाही. जवळच्या जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग असतो. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू केलेली टेलि-मानस ही सेवा चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. क्रमांक १४४१६. घरातल्या कुणाला फोन लावायचा धीर होत नसेल तर त्याच्याशेजारी बसून आपणच तो लावून द्यावा.